विद्यार्थ्यांची प्रगती, गुरुजींची परीक्षा

मुळशी तालुका एकच असला तरी शिक्षणाच्या दृष्टीने तेथे दोन स्वतंत्र प्रदेश नांदतात. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, पिरंगुट ही गावे आता गावे म्हणून ओळखू येत नाहीत. माण-हिंजवडीच्या बाजूला माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले आहेत आणि त्यांच्या अवतीभवती इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या धावत असतात. पौडजवळच्या डोंगरावर तर १९९७ पासून जगभरातील विद्यार्थी जेथे शिकावयास येतात असे आंतरराष्ट्रीय महाविद्यालय आहे. याच पौडपासून पश्चिमेला मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणीकडे निघावे, किंवा दक्षिणेला मोसे खोऱ्यात उतरावे, तर डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या लागतात. तेथील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचा पट हाताच्या बोटांवर मोजता येण्याइतका असतो. एक किंवा दोन शिक्षक पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतचे सगळे वर्ग एकाच वेळी सांभाळतात. पावसाळ्यात चार महिने येथे कोसळणारा पाऊस हा शाळेच्या वेळापत्रकातला एक न छापलेला तासच असतो.

या दोन प्रदेशांतील शिक्षकांचे मूल्यमापन एकाच मोजपट्टीने करावयाचे ठरवले, तर ती मोजपट्टी कोणती असावी? वर्षअखेरीच्या गुणांची सरासरी घ्यावी, तर निकाल वर्ग सुरू होण्यापूर्वीच लागलेला असतो. ज्या घरात आई-वडील दोघे पदवीधर आहेत, पुस्तके आहेत आणि संध्याकाळी शिकवणी आहे, त्या घरातले मूल ज्या शाळेत जाईल ती शाळा ‘चांगली’ आणि तेथील शिक्षक ‘गुणवान’ ठरणार. ज्या घरातून मूल पहिल्यांदाच शाळेची पायरी चढते आहे, त्या घरातले मूल ज्याच्या वर्गात बसेल तो शिक्षक ‘कमी पडलेला’ ठरणार. हा उघड अन्याय टाळण्यासाठी जगभरातील शिक्षणव्यवस्थांनी गेल्या तीन दशकांत जी कल्पना उचलून धरली, ती म्हणजे विद्यार्थ्यांच्या ‘प्राप्ती’ऐवजी त्यांच्या ‘प्रगती’वरून शिक्षकाची परिणामकारकता ठरवणे. मूल कोठे पोचले यापेक्षा ते कोठून निघाले होते आणि वर्षभरात किती पुढे सरकले, हे पाहावयाचे.

हिशेब वरवर साधा आहे. समजा, हिंजवडी पट्ट्यातील एका शाळेत चौथीच्या वर्गाची गणितातील सरासरी वर्षाच्या आरंभी ६८ होती व अखेरीस ७१ झाली. धरणाच्या मागच्या वाडीतील शाळेत ती ३१ होती आणि ४९ झाली. गुणांच्या यादीत पहिली शाळा कितीतरी वर राहते. पण पहिल्या शाळेत वर्षभरात तीन गुणांची भर पडली आणि दुसरीत अठरा गुणांची. वाडीवरच्या गुरुजींचे जे काम एरवी कोणाच्याही नजरेस येत नाही, ते या पद्धतीत प्रथमच आकड्यात दिसू लागते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत आपले किती विद्यार्थी आले, यावर शाळेची प्रतिष्ठा ठरवण्याची जुनी रीत आपल्याकडे आहे. त्या रीतीला हे चांगले उत्तर आहे, कारण शिष्यवृत्तीला बसवावयाची मुले निवडूनच घेतलेली असतात.

या ‘भर’ मोजण्याच्या कल्पनेला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचे शब्दशः भाषांतर ‘मूल्यवर्धन’ असे होते. परंतु महाराष्ट्रातील शिक्षकांना मूल्यवर्धन म्हटले की लोकशाहीच्या व नागरिकत्वाच्या मूल्यांचे शिक्षण देणारा, शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने सुरू केलेला उपक्रम आठवतो. गोंधळ नको म्हणून येथे ‘भर’ हाच साधा शब्द वापरला आहे.

अमेरिकेत टेनेसी राज्याने १९९२ मध्ये कायदा करून ही पद्धत राज्यभर लागू केली. तिचे जनक विल्यम सँडर्स हे मूळचे कृषी क्षेत्रातील संख्याशास्त्रज्ञ. पशुपैदाशीत कोणत्या वळूची संतती अधिक दूध देईल, याचा अंदाज बांधण्यासाठी जे गणित वापरले जाते, त्याच जातीचे गणित त्यांनी शाळेत आणले. मुलाच्या मागील काही वर्षांच्या गुणांवरून यंदा त्याला किती गुण मिळावेत याचा अंदाज बांधावयाचा, प्रत्यक्षात मिळालेल्या गुणांशी तो ताडून पाहावयाचा आणि जो फरक उरेल तो, वर्गातील सर्व मुलांची सरासरी काढून, शिक्षकाच्या नावावर जमा किंवा खर्ची टाकावयाचा. २००९ मध्ये ओबामा प्रशासनाने राज्यांना निधीसाठी आपसांत स्पर्धा करावयास लावणारी योजना आणली, तीत शिक्षकांच्या मूल्यमापनाला विद्यार्थ्यांच्या प्रगतीची जोड देणाऱ्या राज्यांना झुकते माप मिळाले. पाहता पाहता बहुतेक राज्यांनी ही पद्धत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात स्वीकारली. पुढे काय झाले, त्याकडे नंतर वळू.

आपल्याकडे मात्र ही चर्चा नवी नाही, पुण्याला तर मुळीच नाही. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात अनुदानित शाळांसाठी ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत आली. सरकारी निरीक्षक येऊन मुलांची परीक्षा घेई आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील तितके अनुदान शाळेला मिळे. मूळ इंग्लंडमधले. तेथे १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांच्या निकालावर शाळेचे अनुदान बेतले. कवी व शाळानिरीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे टीका केली. निरीक्षकासमोर मुले वाचनपाठ घडाघडा म्हणत, कारण तो त्यांना पाठच झालेला असे.

१८८२ मध्ये हंटर आयोग भारतात आला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर रोजी पुण्याहून आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षणाच्या हेळसांडीवर त्यांनी ओढलेले ताशेरे सर्वांना ठाऊक आहेत. त्याच निवेदनातील निकालावर अनुदान देण्यासंबंधीच्या मजकुराकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. गरीब आणि अद्याप शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजात ही पद्धत योग्य नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले होते. अशा वस्तीत स्वतःच्या जोखमीवर शाळा काढावयास कोणी शिक्षक धजणार नाही, कारण त्यावर त्याचे पोटच भरणार नाही, हे त्यांचे कारण. त्याच वेळी, खेड्यातील ज्या शिक्षकांची पुष्कळ मुले उत्तीर्ण होतात त्यांना पगाराव्यतिरिक्त काही खास भत्ता द्यावा, अशीही सूचना त्यांनी केली होती. शिक्षकाचा पगार दरमहा किमान बारा रुपये असावा, ही मागणी त्यांच्याच निवेदनातली.

या दोन सूचनांत विसंगती नाही. उपजीविका निकालावर टांगणे वेगळे आणि खात्रीच्या पगारावर निकालाचे बक्षीस देणे वेगळे, हा भेद फुल्यांनी एकशेचाळीस वर्षांपूर्वी नेमका पकडला होता. हंटर आयोगाने मात्र देशी शाळांसाठी निकालावर अनुदानाचा पुरस्कार केला. ती पद्धत मोडीत काढण्याचे धोरण कर्झन यांच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने आले.

फुल्यांनी सुचवलेली खास भत्त्याची वाट आधुनिक काळात तपासून पाहिली गेली ती आंध्र प्रदेशात. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी २००५-०६ पासून ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत हा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून शाळांचे गट पाडले. काही शाळांत प्रत्येक शिक्षकाला त्याच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर बक्षीस, काहींत संपूर्ण शाळेच्या प्रगतीवर सर्व शिक्षकांना समान बक्षीस आणि तुलनेसाठी काही शाळांत काहीच नाही. विद्यार्थ्यांच्या सरासरी गुणांत पाच टक्क्यांवर जी वाढ होईल, तिच्या प्रत्येक टक्क्यामागे पाचशे रुपये असा दर होता. पगार कापला जाणार नव्हता. परीक्षा शिक्षकांनी नव्हे तर बाहेरच्या यंत्रणेने घेतल्या, ही या प्रयोगाची गुरुकिल्ली म्हणावी लागेल. दोन वर्षांनंतर बक्षीस असलेल्या शाळांतील मुले गणितात व भाषेत लक्षणीयरीत्या पुढे होती. ज्या विषयांवर बक्षीस नव्हते त्या विज्ञान व सामाजिक शास्त्रांतही ती पुढे होती, म्हणजे केवळ परीक्षेपुरती घोकंपट्टी झाली असे म्हणता येत नव्हते. गंमत अशी, की शिक्षकांची गैरहजेरी कमी झाली नाही. हजर असलेले शिक्षक मात्र अधिक शिकवू लागले, जादा तास घेऊ लागले, गृहपाठ व सराव परीक्षा देऊ लागले.

हे वाचून मुळशीतही उद्यापासून असेच करावे, असे कोणाला वाटल्यास ते स्वाभाविक आहे. महाराष्ट्राने एक प्रयोग करून पाहिलेलाही आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. वर्षारंभी पायाभूत चाचणी, त्यानंतर संकलित मूल्यमापन आणि गुणांची नोंद अशी रचना झाली. प्रत्येक मूल शिकले पाहिजे, हे ध्येय त्यात मध्यवर्ती होते आणि अनेक केंद्रांत शिक्षकांनी ते मनावर घेतले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने या कामाला पैशाची साखळी जोडली गेली. शिक्षकाला १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते. ती मिळण्यासाठी शाळा ‘प्रगत’ असणे, ‘शाळासिद्धी’ मूल्यमापनात तिला ‘अ’ श्रेणी असणे आणि माध्यमिक शिक्षकांच्या बाबतीत निकालाची अट पूर्ण होणे आवश्यक ठरवले गेले. शिक्षक संघटनांनी कडाडून विरोध केला. अखेर २०१९ मध्ये शासनाने या अटी मागे घेतल्या.

त्या वेळी वृत्तपत्रांतून हा वाद ‘काम नको असलेले शिक्षक विरुद्ध गुणवत्ता मागणारे शासन’ असा रंगवला गेला. तो तसा नव्हता. अट शिक्षकाच्या कामाची नव्हती, ती शाळेच्या श्रेणीची होती. पाच शिक्षकांच्या शाळेत चौघांनी हात टेकले तर पाचव्याची वेतनश्रेणी अडकणार. इमारत, भौतिक सुविधा, समाजाचा सहभाग यांचेही पारडे ‘शाळासिद्धी’त असल्याने, संरक्षक भिंत नसलेल्या डोंगरावरच्या शाळेतील शिक्षकाला त्या भिंतीचाही हिशेब द्यावा लागणार. शिवाय मोजली जात होती ती पोचण्याची जागा, चाललेले अंतर नव्हे. थोडक्यात, ज्या दोषावर उपाय म्हणून प्रगतीमापनाची कल्पना जन्मली, नेमका तोच दोष त्या निर्णयात होता.

मग खरीखुरी प्रगती मोजली असती तर प्रश्न सुटला असता काय? येथे मुळशीच्या पश्चिम पट्ट्यातील पटसंख्या आड येते.

पुन्हा त्याच वाडीवरच्या कल्पित वर्गाकडे जाऊ. चौथीत सहा मुले आहेत. वर्षभरात त्यांच्या गुणांत पडलेली भर अनुक्रमे २२, २०, १९, १८, १७ आणि १२ आहे. सरासरी अठरा. आता समजा, वर्गात सातवे मूल आहे. ते दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर वीटभट्टीवर गेले आणि परत आले तेव्हा आधीचेही काही विसरले होते. त्याचे गुण दहाने घसरले. वर्गाची सरासरी भर एकदम चौदावर येते. हेच मूल चाळीस मुलांच्या वर्गात असते, तर सरासरी अठरावरून जेमतेम १७.३ झाली असती. शिक्षक तोच, शिकवणे तेच. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या आकडेवारीवरून टॉमस केन व डग्लस स्टेगर यांनी २००२ मध्ये हीच गोष्ट दाखवली होती. ‘सर्वोत्कृष्ट’ शाळांच्या यादीत लहान शाळांची गर्दी असते आणि ‘सर्वांत कमकुवत’ शाळांच्या यादीतही लहान शाळांचीच. एक वर्ष बक्षीस आणि पुढच्या वर्षी कारणे दाखवा नोटीस, असे घडण्याची शक्यता लहान शाळेत सर्वाधिक.

वीटभट्टीचे उदाहरण केवळ गणितासाठी घेतलेले नाही. मुळशी-मावळ भागात कातकरी वस्त्या आहेत. यातील अनेक कुटुंबे पाऊस सरल्यावर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पायाभूत चाचणी पावसाळ्यात, वार्षिक चाचणी उन्हाळ्याच्या आरंभी. पहिल्या चाचणीला हजर असलेले कातकऱ्याचे मूल दुसरीला बहुधा नसणार. नियम काय करावा? दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच भर मोजावी असा नियम केला, तर ते मूल हिशेबातून गळते आणि त्याला भट्टीवरून परत आणण्यासाठी धडपड करण्याचे शिक्षकाला काहीच प्रयोजन उरत नाही. उलट, खेडोपाडी असे शिक्षक आहेत जे स्वतःच्या दुचाकीवरून भट्ट्या पालथ्या घालतात. त्यांना तर नियम जणू सांगतो, की हे मूल परत आणाल तर तुमची सरासरी घसरेल. आणि गैरहजर मुलाला शून्य धरले, तर स्थलांतराचा दंड शिक्षकाच्या माथी. ज्या मुलांसाठी ही सारी यंत्रणा उभी करावयाची, तीच मुले हिशेबात कोठे ठेवावीत हे कळत नाही. या एका प्रश्नाचे उत्तर ज्या योजनेत नाही, ती योजना मुळशीत लागू करण्याच्या लायकीची नाही, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

दुसरी अडचण चाचणीच कोण घेतो याची. २०२३-२४ पासून राज्यात ‘स्टार्स’ प्रकल्पांतर्गत तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. एक पायाभूत व दोन संकलित अशी त्यांची रचना आहे. प्रश्नपत्रिका राज्यस्तरावरून येतात, पण चाचणी घेणारे, उत्तरपत्रिका तपासणारे आणि गुण संगणकीय प्रणालीत भरणारे शाळेतील शिक्षकच असतात. अध्ययनातील उणिवा शोधून त्यावर कृती कार्यक्रम आखणे हा या चाचण्यांचा घोषित उद्देश आहे आणि त्यासाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. आपल्या मुलाला भागाकार येत नाही हे लपवण्यात शिक्षकाचा काही लाभ नसतो. परंतु याच गुणांवर उद्या वेतनवाढ ठरवावयाची म्हटले, की शिक्षकाला पायाभूत चाचणी हात आखडून तपासण्याचा आणि शेवटची चाचणी सढळपणे तपासण्याचा मोह होणार. प्राप्ती मोजणाऱ्या पद्धतीत लबाडी एकाच टोकाला करावी लागते, प्रगती मोजणाऱ्या पद्धतीत ती दोन्ही टोकांना करता येते. अमेरिकेतील अटलांटा शहरात तर प्राप्तीच्याच उद्दिष्टांपायी शिक्षकांनी व मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांतील उत्तरे खोडून बदलली. २०११ च्या चौकशी अहवालात १७८ जणांची नावे आली आणि २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले.

शिकवणीचा मुद्दा शहरी वाचकाच्या लगेच लक्षात येईल. पिरंगुटमध्ये संध्याकाळी खासगी वर्गाला जाणाऱ्या मुलाची प्रगती शाळेतील बाईंच्या खात्यावर पडेल. आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदवली पाहिजे. या चाचण्या शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांपुरत्या आहेत. गुणवत्तेसाठी शिक्षकांना जाब विचारावा अशी मागणी जो वर्ग सर्वांत मोठ्या आवाजात करतो, त्याची मुले ज्या विनाअनुदानित शाळांत शिकतात तेथील शिक्षकांची प्रगती कोणी मोजत नाही.

आता अमेरिकेच्या कथेचा उत्तरार्ध. २०१४ मध्ये तेथील संख्याशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने निवेदन काढले. बहुतेक अभ्यासांनुसार विद्यार्थ्यांच्या गुणांतील फरकांपैकी केवळ एक ते चौदा टक्के फरकाचे श्रेय शिक्षकांकडे जाते आणि सुधारणेच्या बहुतेक संधी व्यवस्थेच्या पातळीवर असतात, असे त्यात म्हटले होते. ह्यूस्टन शहरातील शिक्षक न्यायालयात गेले. ज्या सूत्राने आपल्याला अपात्र ठरवले जाते ते एका खासगी कंपनीचे गुपित आहे, आपला गुणांक बरोबर आहे की चूक हे तपासण्याचा मार्गच आपल्याला नाही, अशी त्यांची तक्रार होती. २०१७ मध्ये न्यायालयाने ती तक्रार ग्राह्य मानली. त्याआधीच, २०१५ च्या कायद्याने केंद्राने राज्यांवरील दबाव काढून घेतला होता. मात्र याच काळात राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षावधी विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून, भर घालणाऱ्या शिक्षकांच्या हाताखालून गेलेली मुले पुढील आयुष्यात अधिक कमावतात, असेही दाखवले. म्हणजे चांगल्या शिक्षकाने फरक पडतो, हे खरे. तो फरक एका शिक्षकाच्या एका वर्षाच्या आकड्यात पकडता येतो, हे मात्र खरे नाही.

मुळशीपुरते बोलावयाचे तर प्रगतीचे आकडे फेकून देण्याचे कारण नाही, ते कोणाच्या हाती द्यावयाचे हा प्रश्न आहे. केंद्रातील आठ-दहा शाळांचे तीन वर्षांचे आकडे एकत्र केले, तर एका मुलाच्या आजारपणाने ते डगमगणार नाहीत. चाचणी शेजारच्या केंद्रातील शिक्षकांनी घ्यावी. स्थलांतरित मुलांचा हिशेब वेगळा मांडावा आणि वर्षअखेरीस किती मुले शाळेत टिकली, हाच त्यातला मुख्य आकडा असावा. शिक्षकाच्या गोपनीय अहवालात आकड्यापेक्षा केंद्रप्रमुखाने वर्गात बसून केलेल्या निरीक्षणाला वजन हवे. त्यासाठी केंद्रप्रमुखाला माहिती गोळा करण्यातून उसंत मिळाली पाहिजे. बक्षीस द्यावयाचे तर ते पगारावर वरकड असावे, फुले म्हणाले तसे.

आणि आकड्यांचे पहिले उत्तर शिक्षकाकडे नव्हे, तर प्रशासनाकडे मागावे. ज्या दुशिक्षकी शाळेतील एक पद वर्षभर रिक्त होते, ज्या शिक्षकाची बदली ऐन सत्रात झाली, ज्याला मतदारयादीच्या कामावर धाडले गेले, त्याच्या वर्गात भर पडली नाही तर ती कोणाच्या नावावर खर्ची टाकावयाची? शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना लावण्यास मुभा दिली आहे. पण त्या दिवसांचे तास गुणांच्या सूत्रातून वजा करण्याची तरतूद कोठेच नाही. प्रगतीच्या तक्त्यात विद्यार्थ्याच्या नावापुढे त्या वर्षी प्रत्यक्ष किती दिवस शिक्षक वर्गात होता, हा एक रकाना वाढवला, तरी मोसे खोऱ्यातील व हिंजवडीतील आकडे शेजारी ठेवून वाचण्याजोगे होतील.